सोमवारी उडणारा फ्यूज

"भाऊ, माझ्या मशीनचा फ्यूज फक्त सोमवारीच उडते. काहून उडत असन?"

फोनवरचं हे पहिलंच वाक्य. नाव नाही, गाव नाही. आवाज वयस्कर बाईचा, पण खणखणीत. मी विचारलं, "कोणती मशीन जी? मिक्सर का शिलाई मशीन?"

"व्हॉल्वचा अँप्लिफायर आहे. दोन हजार व्होल्टवाला. तुमी व्हॉल्वचं काम करता, असं नागपुरात सांगतलं मले."

मी हातातला सोल्डरिंग आयर्न खाली ठेवला. भंडाऱ्यात माझं रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. माझं निम्मं आयुष्य व्हॉल्वमध्ये गेलं, म्हणजे काचेच्या त्या नळ्यांमध्ये, ज्या पेटल्या की आत निखारा ठेवल्यासारख्या दिसतात. पण शेवटचा व्हॉल्व कधी बदलला ते मला आठवत नव्हतं. हल्ली लोक टीव्ही आणतात, मी बोर्ड काढतो, नवा बोर्ड लावतो. त्यात डोकं लागत नाही. ते लागत नाही, याचं मला जेवढं वाईट वाटतं तेवढं कोणाला सांगितलं तर लोक हसतील.

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक आजार सांगतं आणि आपण कारण शोधायचं असतं. सांगण्याच्या तऱ्हा निरनिराळ्या. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटक मंडळींपैकी एक मॅनेजर मला म्हणाला होता, "आमचा अँप्लिफायर राजाच्या डायलॉगले ठीक राह्यते, राणी बोलली का खरखरते." मी हसलो होतो. नंतर कळलं की राणी स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात उभी राहून बोलायची, आणि नेमकी तिथल्याच माइकची वायर उंदरांनी कुरतडली होती. तेव्हापासून गिऱ्हाईक कितीही अचाट बोललं तरी मी हसत नाही. त्यानं पाहिलेलं खरं असतं. त्याचा अर्थ फक्त त्याला लागलेला नसतो.

म्हणून सोमवारच्या फ्यूजलाही मी हसलो नाही.

दोन दिवसांनी एक छोटा टेम्पो दुकानासमोर थांबला. ड्रायव्हरच्या शेजारून उतरल्या त्या फोनवरच्या लांजेवार बाई. सत्तरी ओलांडलेल्या, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. मागे पोत्यात गुंडाळलेली लोखंडी पेटी. मी आणि ड्रायव्हरनं ती उचलली तेव्हा दोघांच्याही तोंडून "बाप्पा" निघालं.

"ट्रान्सफॉर्मरचं वजन आहे थे," बाई म्हणाल्या. "हळू ठेवा जी. आतले व्हॉल्व आता भेटत नाहीत."

बाई तार ऑफिसात होत्या. डॅश आणि डॉटच्या टिकटिकीत तारा पाठवायच्या, घ्यायच्या. तारा बंद झाल्या, पण हाताची सवय सुटेना. मग त्यांनी सरकारी परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना काढला. जगभर अशी मंडळी आहेत. घराच्या छतावर तार ताणायची, घरातून रेडिओवर सांकेतिक टिकटिक करायची, आणि दुसऱ्या टोकाचा माणूस ती ऐकून उत्तर देतो. ना मोबाइलचा टॉवर लागतो, ना इंटरनेट. रेडिओचा स्वतःचा आवाज लहान असतो. तो दूर जावा म्हणून पुढे अँप्लिफायर लावतात, परवान्यात बसेल एवढ्याच ताकदीचा. हा त्यांना नागपूरच्या एका वारलेल्या हौशी माणसाच्या घरच्यांनी दिला होता.

"आता त मोबाइल आहे," मी म्हणालो. "एवढ्या जड पेटीचा खटाटोप कायले?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. 

"आसामात बरुआबाबू म्हणून आहेत. तेही तार ऑफिसातलेच. माझी त्यांची ओळख रेडिओवरच झाली, आमी कधी भेटलो नाही. त्यांले लकवा मारला. उजवा हात गेला आन वाचा गेली. मोबाइलवर तोंड हलते, शब्द येत नाही. मग रडतात. सून म्हणे, फोन नका करू बाई, त्यांले त्रास होते." त्या स्टुलावर टेकल्या. "काही महिन्यांनी एक दिवस सकाळी माझ्या रेडिओवर कोणी तरी मले बोलावून राहिलं. हात इतका कच्चा, मले वाटलं नवीन शिकणारा पोरगा असन. ते बरुआबाबू होते. डाव्या हातानं."

तारेच्या माणसाला दुसऱ्याचा हात ओळखू येतो, हे मला तेव्हा कळलं. टिकटिक सारखीच असते, पण कोणी डॅश जरा लांबवतो, कोणी दोन अक्षरांमध्ये अडखळतो. बाईंच्या भाषेत, चालण्यावरून माणूस ओळखावा तसं.

बरुआबाबूंच्या गावात विजेचा गोंगाट, म्हणजे रेडिओत घुसणारी खरखर, फार. बाईंच्या लहान रेडिओचा आवाज त्यात बुडून जायचा. अँप्लिफायर चालू असला तरच त्यांना ऐकू जायचं. त्यांची टिकटिक मात्र बाईंच्या लाखनीच्या घरी ऐकू यायची.

"म्हणजे फ्यूज उडला का ते बोलावत राह्यतात आन मी ऐकत राह्यतो," बाई म्हणाल्या. "मी उत्तर देतो थे त्यांले जात नाही. ते आपले पुन्हा बोलावतात. तसं ऐकणं बहुत वंगाळ असते भाऊ."

मी पेटीचे स्क्रू काढायला घेतले.

वाचकांसाठी साधं सांगतो. अशा यंत्राचा पॉवर सप्लाय म्हणजे त्याचं पोट. भिंतीतली वीज ट्रान्सफॉर्मर चढवतो, डायोड तिला एका दिशेनं वळवतात, आणि मग ती कपॅसिटरमध्ये साठते. कपॅसिटर म्हणजे विजेचा हंडा. दोन हजार व्होल्ट एका हंड्यात मावत नाहीत, म्हणून पाच-सहा हंडे एकापुढे एक जोडतात. प्रत्येकाला वाट्याचा भार सारखा मिळावा, म्हणून प्रत्येकाच्या अंगाला एक-एक रेझिस्टर बांधलेला असतो. त्याचं दुसरं काम त्याहून मोलाचं. यंत्र बंद केलं की हंड्यांतली वीज हळूहळू रिकामी करणं. हे रेझिस्टर नसतील तर बंद यंत्रही माणूस मारू शकतं.

माझ्या उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एक हात खिशात ठेवून काम करायचं, म्हणजे धक्का छातीतून आरपार जाणार नाही. आणि आत बोट घालण्याआधी आकडा लावायचा. प्लास्टिकच्या पाइपच्या टोकाला तांब्याचा हूक, त्याला जाड वायर, वायरीचं दुसरं टोक यंत्राच्या लोखंडी अंगाला. हूक कपॅसिटरला टेकवला की उरलीसुरली वीज जमिनीत जाते. आमच्याकडे आकडा म्हटलं की लोकांना खांबावरून वीज चोरणारा आकडा आठवतो. माझा आकडा वीज परत करणारा आहे, असं मी गमतीनं सांगत असतो.

झाकण उघडून मी सगळं तपासलं. डायोड ठीक, ट्रान्सफॉर्मर ठीक, रेझिस्टर एकूण एक मोजले, ठीक. व्हॉल्व पेटले, दुकानात नारिंगी उजेड पडला. समोरचा पानवाला येऊन बघून गेला. मी दिवसभर यंत्र चालवलं, मुद्दाम सोमवारीसुद्धा. फ्यूज हुं की चूं करेना.

"काहीच नाही यात," मी बाईंना फोनवर सांगितलं.

"मग सोमवारी काय होते?"

"ते तुमच्या घरी येऊनच पाहावं लागन."

बाईंनी टेम्पो पाठवून पेटी परत नेली, आणि पुढच्या सोमवारी सकाळच्या एसटीनं मी लाखनीला गेलो. महामार्गावर ट्रकांची रांग, आत गल्लीत शिरलं की धानाच्या भुशाचा वास. बाईंचं घर राइस मिलला लागून. मिल त्या दिवशी बंद होती. बाई म्हणाल्या, आठवड्यातून सोमवारीच ती बंद असते.

हे ऐकलं आणि मला वाटलं, सापडलं. मी मीटर काढून भिंतीतला व्होल्टेज मोजला. चढलेला होता, चांगलाच. कारण सरळ होतं. मिलच्या मोठ्या मोटारी चालू असल्या की त्या लाइनवरचा व्होल्टेज खाली दबतो. मिल बंद, तर तो वर उसळी घेतो. यंत्राच्या पोटात दोन हजारांच्या जागी कितीतरी जास्त व्होल्ट जाणार. सोमवारचं कोडं सुटलं. ट्रान्सफॉर्मरला चढ्या व्होल्टेजसाठी वेगळी जोडणी असते, ती मी करून दिली. बाईंनी पोहे केले होते, वर तर्री घातलेली. मी दोनदा घेतले.

एसटीत बसलो तेव्हा मी स्वतःवर भारी खूश होतो. गावची मिल आणि आसामचा माणूस यांच्यात आपण दुवा शोधून काढला, हे घरी बायकोला कसं सांगायचं ते मनात जुळवत आलो.

त्याच आठवड्यात गुरुवारी बाईंचा फोन आला.

"भाऊ, उडला."

"आज? मिल बंद आहे का?"

"मिल धडधडून राहिली. इकडूनच बोलून राहिली मी, ऐकू येते ना तुमाले?"

ऐकू येत होती. 

"बरुआबाबू अजून बोलावून राहिले," बाई म्हणाल्या. फोनमध्ये मिलच्या घरघरीमागे बारीक टिकटिक येत होती. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण तीच ती चाल पुन्हा पुन्हा येत होती, हे मात्र कळलं. दार वाजवावं, थोडं थांबावं, परत वाजवावं, तशी.

मी दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून लाखनी गाठली. या वेळी हुशारी घरी ठेवून गेलो. यंत्र उघडलं नाही. आधी बाईंसमोर बसलो आणि म्हणालो, "गुरुवारी काय काय झालं ते सांगा. मशीनचं नका सांगू. तुमचं सांगा."

"माझं काय सांगू? सकाळी बसली. बोलणं सुरू झालं. त्या दिवशी ते आनंदात होते. अंगणापर्यंत चालत गेले म्हणे, काठी घेऊन. झाडावर किती संत्री लागली ते मोजून आले. थे सांगता सांगता बहुत वेळ झाला."

"रोज एवढा वेळ बोलता का?"

"नाही जी. मिल चालू असली का माझ्या रेडिओत घरघर येते. कान दुखते. थोड्यात आटोपतो." त्या स्वतःच थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "सोमवारी मिल बंद राह्यते. सोमवारी आमी निवांत बोलतो."

 अशा क्षणासाठी माणूस या धंद्यात टिकतो. सोमवारचा संबंध मिलशी होताच, पण मी समजलो तसा नव्हता. सोमवारी मिल बंद, म्हणून गप्पा लांब. गप्पा लांब, म्हणून पेटी तापायची. आणि माझ्या दुकानात मी झाकण काढून, वर पंखा लावून यंत्र चालवत होतो. ते तिथं तापणार कसं? व्होल्टेज चढायचा तो आगीत तेल ओतायला, पण आग दुसरीच होती.

"आजून काही वेगळं दिसते का? बंद केल्यावर?"

"काही नाही. त्या पेटीवरच्या मीटरचा काटा म्हातारा झाला. मशीन बंद केली तरी शून्यावर लवकर येत नाही, थोडा वरच अडकते. मी टिचकी मारतो."

मी पुढं सरकलो. "टिचकी मारून काही होते का?"

"नाही. आपला आपला येते हळूहळू."

जळलेला फ्यूज बाईंनी आधीच बदलला होता, मी यंत्र सुरू करायला सांगितलं. झाकण लावलेलं, पंखा नाही. भिंतीतला व्होल्टेज त्या दिवशी मिलमुळे दबलेला होता आणि गुरुवारइतका वेळ चालवायचंही नव्हतं, म्हणून फ्यूज तग धरेल अशी आशा होती. बरुआबाबूंची वेळ टळून गेली होती. बाईंनी अँटेना काढून तिथं सिग्नल हवेत न सोडता गिळून टाकणारा खोटा भार लावला आणि टिकटिक करायची दांडी, म्हणजे की, नुसतीच दाबत राहिल्या. पितळेची की, खालची पाटीही पितळी, भंडाऱ्याच्या कारागिरानं ओतून दिलेली. पेटीवर हात ठेवला तर चटका बसेल इतकी ती तापली. मग मी सगळं बंद करायला लावलं, भिंतीतली पिनही काढली. काटा झपकन खाली आला आणि शून्याच्या जरा वर थांबला.

बाईंनी टिचकीसाठी बोट पुढं केलं. मी त्यांचा हात धरला.

झाकण काढलं. आत सगळं शांत, व्हॉल्व विझलेले. एक हात खिशात घातला आणि दुसऱ्या हातानं आकडा पुढं नेला.

टाळी वाजावी तसा आवाज झाला. निळी ठिणगी उडाली आणि तांब्याच्या टोकावर काळा डाग पडला. बाई खुर्चीसकट मागे सरकल्या.

"वीज होती?" त्यांनी विचारलं. "पिन काढल्यावर?"

"हाव जी. काटा म्हातारा नव्हता. खरं बोलून राहिला होता."

मीटर लावून मी रेझिस्टर पुन्हा मोजायला घेतले. पाच तर ठीक निघाले. सहावा व्हॉल्वच्या अगदी जवळ, गरम हवेच्या वाटेत बसवलेला. त्याचं माप नव्हतंच. तुटलेली तार मोजावी तसा मीटर रिकामा. मी बाईंना जवळ बोलावलं आणि म्हणालो, "आता पाहत राहा." आम्ही फुंकर मारत बसलो. पेटी निवत गेली तसा मीटरवरचा आकडा हलायला लागला, आणि थोड्या वेळात रेझिस्टर असा निर्दोष दिसू लागला, की जणू दुकानातून आत्ताच आणलाय. सोल्डरिंग आयर्न त्याच्या जवळ नेला, पुन्हा बेपत्ता. दूर नेला, पुन्हा हजर.

"नाटक्या आहे," बाई म्हणाल्या, आणि तोंडावर पदर धरून हसल्या.

तापला की तो काम सोडायचा. त्याच्या हंड्यावर मग बाकीच्यांपेक्षा जास्त भार यायचा, हंडा आतून फुटायला बघायचा, आणि फ्यूज स्वतः जळून त्याला वाचवायचा. यंत्र बंद केल्यावर तोच एक हंडा रिकामा व्हायचा नाही. त्याचीच उरलेली वीज तो काटा दाखवत होता, आणि बाई त्याला टिचक्या मारत होत्या. एखाद्या दिवशी फ्यूज बदलताना बोट जरा आत गेलं असतं तर, हे मी बोललो नाही. बाईंना ते कळलं होतं. त्यांनी उठून दोघांसाठी चहा ठेवला.

नागपूरहून सामान यायला वेळ लागला. मी सगळेच रेझिस्टर बदलले, जास्त ताकदीचे घातले आणि व्हॉल्वपासून लांब बसवले. हंडेही नवे. मागे एक छोटा पंखा. आणि एक आकडा तयार करून बाईंच्या टेबलाला लटकवून दिला, आधी आकडा, मग हात, असं तीन वेळा म्हणवून घेतलं.

सोमवार होता. मिल बंद. बाईंनी मला शेजारी बसवलं आणि आम्ही व्हॉल्व तापायची वाट पाहिली. मग रेडिओतून ती टिकटिक आली. थोडी अडखळणारी, एका जागी थांबून पुढे जाणारी. बाई कीवर हात ठेवून ऐकत होत्या. ती थांबली, आणि त्यांनी उत्तर दिलं.

पलीकडे काहीच नाही. मी पेटीकडे बघायला लागलो, कुठं काही सुटलं का. तेवढ्यात टिकटिक सुरू झाली ती थांबायचं नावच घेईना. बाई ऐकता ऐकता तुकडे तुकडे सांगत होत्या. "ऐकू आलं म्हणतात... सून स्वयंपाकघरातून धावत आली म्हणे... आज तिनंही ऐकलं..." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुमच्याबद्दल विचारून राहिले."

"माझ्याबद्दल?"

"मी सांगतलं, मेकॅनिक बसले आहेत बाजूले. ते विचारतात, फ्यूज काहून उडत होता?"

 एवढ्या वर्षांत लोकांनी मला विचारलं ते, झालं का, आणि कधी देता. दुरुस्त झालेलं यंत्र उचलायचं आणि जायचं. का बिघडलं होतं, हे उलटून विचारणारा माणूस मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाही आठवत नव्हता. आणि आता विचारत होता तो आसामात, खुर्चीत बसलेला, तोंडातून शब्द न निघणारा.

"सांगा," बाई म्हणाल्या. "मी पाठवतो."

मी एक वाक्य बोलायचो, बाई ते इंग्रजीत करून कीवर पाठवायच्या. सहावा रेझिस्टर. गरम झाला की सोडतो, गार झाला की धरतो. मध्येच तिकडून अडवणूक व्हायची. तो किती ओहमचा होता? कोणत्या जातीचा? मिल घरापासून किती लांब? गरम असताना मोजायचं कसं सुचलं? प्रत्येक प्रश्न डाव्या हातानं, अक्षर अक्षर करून येत होता, आणि एकदाही अर्धवट सुटत नव्हता. मी खुर्ची पुढं ओढली. कागद मागितला, सर्किटचं चित्र काढलं, आणि चित्र टिकटिकीतून कसं पाठवायचं यावर बाईंचा आणि माझा वाद झाला.

भंडाऱ्याची एसटी कधीच निघून गेली होती. उठावं म्हणून मी पिशवी उचलली. बाईंनी एक हात कानाशी, दुसरा वर करून मला थांबवलं.

"बसा भाऊ. अजून विचारून राहिले."